मातीचा पोकळ माणूस

माणसाची मूर्ती म्हणजे माणसासारखी दिसणारी मूर्ती, अशी आपल्या डोळ्यांना सवय लागलेली आहे. ही सवय चौकाचौकांतील पुतळ्यांनी लावली. गणपतराव म्हात्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यार्थीदशेतच घडविलेले 'मंदिराकडे' हे प्लास्टरचे शिल्प घ्या, किंवा नानासाहेब करमरकरांनी घडविलेला आणि 1928 साली पुण्यात उभा राहिलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घ्या. लुगड्याच्या चुण्या, घोड्याच्या मानेचे स्नायू, बोटांची पेरे, सारे जिथल्या तिथे. अशा कामापुढे आपण नकळत हात जोडतो, आणि मग पुतळा चांगला की वाईट हे ठरविण्याचे एकच माप आपल्या हाती उरते : हुबेहूब आहे की नाही?

हे माप घेऊन हिम्मत शाह यांची भाजलेल्या मातीची डोकी पाहावयास गेले की घोटाळा होतो. मी ती छायाचित्रांतून पाहिली आणि मित्रांनाही दाखविली. लांबट मान, तिच्यावर उभट डोके, नाकाच्या जागी एक उंचवटा, डोळ्यांच्या जागी कधी एखादी चीर तर कधी तीही नाही. अंगभर ओरखडे. धड नाही, हात नाहीत. एक मित्र म्हणाला, "अर्धवटच सोडलंय की हे!" दुसऱ्याने विचारले, "असलं तर आम्हीपण करू, त्यात काय?" हे दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना थट्टेवारी न नेता उत्तर द्यावे असे मला वाटते. आणि ते उत्तर कलेच्या मोठमोठ्या पुस्तकांपेक्षा आपल्या खानापूरच्या कुंभारकामात लवकर सापडते.

आधी एक फरक समजून घेतला पाहिजे. ब्राँझचा पुतळा करणारा शिल्पकारसुद्धा सुरुवात मातीनेच करतो. पण तो प्रथम लोखंडी सळ्यांचा आणि तारांचा सांगाडा उभा करतो. त्याच्यावर माती चढवीत जातो. सळई आत असल्यामुळे उगारलेला हात उगारलेलाच राहतो, तलवार पुढे काढता येते, घोडा दोन पायांवर उभा राहू शकतो. काम पुरे झाले की त्यावरून साचा घेतात, साच्यावरून ब्राँझ ओततात, आणि ती माती काढून पुन्हा पिंपात टाकतात. म्हणजे तेथे माती ही नाटकातल्या तालमीसारखी. प्रयोग होतो तो धातूचा. असा शिल्पकार माणसाला आतून बाहेर रचतो. आधी हाड, मग मांस, मग कातडी.

ज्याला मातीच भाजून ठेवावयाची आहे त्याला हा रस्ता बंद आहे. ओली माती वाळताना आकसते आणि भाजताना आणखी आकसते. मातीच्या जातीप्रमाणे हे प्रमाण बदलते, पण ढोबळ मानाने बारा इंचांची ओली मूर्ती भट्टीतून अकरा इंचांच्या आसपास होऊन बाहेर पडते असे धरावयास हरकत नाही. आतली लोखंडी सळई मात्र आकसत नाही, उलट तापून फुगते. माती आत ओढली जाते आणि सळई हटत नाही. मग मूर्तीला तडे जाण्यावाचून दुसरे काय होणार?

मग सांगाडा काढून टाकून नुसता मातीचा भरीव गोळा भाजला तर? हाच प्रश्न मी खानापूरला एका वयस्क कुंभारमामांना विचारला. खानापूर हे मलप्रभेकाठचे गाव. तेथल्या मातीवर कौले आणि मडकी यांचा धंदा चालत आला, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाने आपली केंद्रीय ग्रामीण कुंभारकाम संस्था येथेच काढली, ती या मातीच्या नावलौकिकामुळे. मामा चाकावरून न उठताच म्हणाले, "आतनं पोकळ नसंल तर आव्यात तोफ उडतंय बघ. एकटं जात न्हाई ते, शेजारची धा घेऊन जातंय." मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे मला लगेच कॉस्टिंगच्या तासाला शिकविलेले सामान्य नुकसान आणि असामान्य नुकसान आठवले. आव्यातली दहा-पाच मडकी फुटणार हे कुंभार हिशेबात धरूनच चालतो, ते सामान्य नुकसान. भरीव गोळ्याने केलेला स्फोट हे दुसऱ्या जातीचे.

त्याचे कारण असे. वरून सुकी दिसणारी जाड माती पोटात ओली असते. भट्टी 100 अंशांच्या वर गेली की त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडावयास वाट मिळाली नाही तर ती मूर्तीच फोडते. यावर उपाय दोन. मातीत राख, तूस, लीद किंवा भाजलेल्या खापराची पूड मिसळून ती सच्छिद्र करावयाची. आणि भिंत शक्य तेवढी सारख्या जाडीची ठेवून आत पोकळी राखावयाची, त्या पोकळीलाही कोठे तरी एक भोक ठेवावयाचे. पुढे साधारण 450 ते 600 अंशांच्या टप्प्यात मातीच्या कणांत रासायनिकरीत्या बांधलेले पाणी निघून जाते. ही सीमारेषा महत्त्वाची आहे. तिच्या अलीकडची माती पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होते, पलीकडची कधीच होत नाही. गावठी आवा यापुढे जाऊन साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत पोचतो. कठीण, दगडी पोताची भांडी, ज्यांना स्टोनवेअर म्हणतात, त्यांना 1200 अंश आणि त्याहून अधिक लागतात.

तेव्हा भाजलेल्या मातीचा माणूस करावयाचा तर तो पोकळ असला पाहिजे, त्याच्यात हाड असता कामा नये, आणि त्याचे अवयव अंगापासून फार दूर जाता कामा नयेत. लांब काढलेला बारीक हात धडापेक्षा आधी वाळतो आणि सांध्यावर तुटतो. एवढ्या अटी पाळून जी वस्तू तयार होते तिला आपण काय म्हणतो? मडके म्हणतो. मातीचा शिल्पकार माणसाला रचतो तो असा, पोकळीभोवती कातडी गुंडाळीत.

हे ऐकावयास विचित्र वाटेल, पण आपल्या भाषांना ते केव्हाच ठाऊक आहे. मडक्याला तोंड असते, ओठ असतो, गळा असतो, खांदा, पोट आणि बूडही असते. कन्नडमध्येही मडक्याला बायी म्हणजे तोंड आणि होट्टे म्हणजे पोट असते. खुद्द 'मडके' हा शब्द दोन्ही भाषांत जवळजवळ एकच, तिकडे 'मडके', इकडेही 'मडके'. कुंभाराचा 'कुंबार' आणि आव्याचा 'आवगे' एवढाच काय तो फरक. (सीमाभागात राहणाऱ्याने या बाबतीत वाद घालण्याचे कारण नाही.) कन्नडमध्ये वाळलेल्या भोपळ्याच्या पोकळ कवचाला 'बुरुडे' म्हणतात आणि माणसाच्या कवटीला 'तलेबुरुडे'. आपल्याकडे अननुभवी माणूस म्हणजे 'कच्चे मडके'. ज्येष्ठा गौरीला कित्येक घरांत मडक्यांची उतरंड रचून, वर मुखवटा ठेवून, लुगडे नेसवून देवी उभी करतात. नवरात्रात घट बसतो. आणि शेवटच्या प्रवासात खांद्यावरचे पाण्याचे मडके फुटते, ते कशाच्या ऐवजी फुटते हे कोणाला सांगावे लागत नाही.

गोरोबाकाकांची कथा तर सर्वांना पाठ आहे. तेरच्या गोरा कुंभारांच्या घरी संतमंडळी जमली असता, यांतली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती ते पाहा, असे मुक्ताबाईंनी सुचविले आणि गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले. नामदेव रुसले आणि कच्चे ठरले. आपण ही कथा भक्तीची म्हणून ऐकतो, ती आहेच. पण कुंभाराच्या बाजूने पाहिले तर त्यात धंद्यातले ज्ञान आहे. डोके पोकळ आहे हे गृहीतच आहे. प्रश्न फक्त भाजणीचा आहे, आणि तो डोळ्यांनी कळत नाही, आवाजाने कळतो. कन्नड शरणपरंपरेतही कुंबार गुंडय्या आहेत. मडक्यावर ताल धरून ते नाचू लागले आणि शिव स्वतः नाचावयास आला, असे हरिहर कवीने आपल्या रगळेत गायिले आहे. दोन्ही भाषांच्या संतांना मडके वाजवून पाहावेसे वाटले, हे मला मोठे गोड वाटते.

गोरोबांचे तेर हे गाव त्यांच्याही फार आधीपासून मातीच्या माणसांचे गाव होते. सातवाहन काळात ती एक भरभराटीची व्यापारी पेठ होती, आणि तेथे सापडलेल्या मातीच्या स्त्री-पुरुषमूर्ती आज गावातल्याच लामतुरे संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. त्या काळचे दख्खनचे कारागीर पुढची बाजू एका साच्यात आणि मागची बाजू दुसऱ्या साच्यात दाबून दोन अर्ध जोडीत, म्हणजे मूर्ती आपोआप पोकळ होई. चीनमध्ये 1974 साली सापडलेली सम्राट छिन शिहुआंगची मातीची फौज अनेकांनी चित्रांत पाहिली असेल. ते सैनिक पुरुषभर उंचीचे आणि चेहऱ्याने अगदी जिवंत आहेत, तेव्हा माझे म्हणणे त्यांनी खोटे पाडले असे कोणी म्हणेल. पण त्यांची घडण पाहा : धड पोकळ, मोठ्या रांजणासारखे वळ्यांवर वळ्या चढवून केलेले, पाय मात्र भरीव, कारण भार पेलावयाचा, डोके वेगळे करून गळ्यात बसविलेले. हात अंगालगत. हुबेहूबपणाही तेथे रांजणाच्या शिस्तीतच मिळविलेला आहे.

आता हिम्मत शाह यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म 1933 साली गुजरातेत लोथल येथे झाला. पुढे 1950 च्या दशकात त्याच परिसरात एस. आर. राव या आपल्या कर्नाटकातल्या पुरातत्त्वज्ञाच्या हाताखाली उत्खनन झाले आणि सिंधू संस्कृतीचे नगर जमिनीतून वर आले. शाह भावनगरच्या घरशाळेत शिकले, काही काळ मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये होते, मग बडोद्यास गेले. 1963 साली दिल्लीत 'ग्रुप 1890' या नावाने ज्या बारा कलावंतांनी प्रदर्शन भरविले त्यांत ते एक होते. त्यानंतर पॅरिसला जाऊन ते छापचित्रणाचे तंत्र शिकून आले, अहमदाबादच्या सेंट झेवियर्स शाळेच्या भिंतींवर त्यांनी मोठी भित्तिशिल्पे केली, आणि मग दिल्लीच्या गढी येथील स्टुडिओत वर्षानुवर्षे मातीत काम केले. आयुष्याची शेवटची पंचवीसेक वर्षे ते जयपूरला होते. 2 मार्च 2025 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी पुष्कळ वस्तूंना हात घातला, पण फिरून फिरून ते आले डोक्याकडेच. माझ्या मते याचे कारण वर सांगितलेल्या हिशेबात आहे. मानवी शरीरात मडक्याच्या सर्वांत जवळचा भाग डोके. ते मुळातच पोकळ, गोल आणि गळ्यावर बसलेले असते. त्यासाठी माणसाला वाकवावे लागत नाही आणि मातीलाही नाही. त्यांनी वापरलेली एक रीत स्लिप कास्टिंगची आहे. पातळ चिखल प्लास्टरच्या साच्यात ओततात; प्लास्टर पाणी शोषून घेते आणि साच्याच्या आतल्या अंगाला मातीचा थर धरतो; तो पुरेसा जाड झाला की उरलेला चिखल ओतून टाकतात. राहते ते पातळ पोकळ कवच. चिनीमातीच्या किटल्या आणि बरण्या याच पद्धतीने होतात. कारखानदार असे कवच घासून गुळगुळीत करतो. शाह त्या ओल्या कवचाला दाबीत, चिरीत, ओरबाडीत, त्यावर ठसे उमटवीत. काही डोक्यांवर त्यांनी चांदीचा वर्खही चढविला.

डोळे का नाहीत, या प्रश्नाचे एकच एक उत्तर मी देऊ शकत नाही, पण पाहताना काय होते ते सांगू शकतो. पुतळ्याला डोळे असले की आपण त्याच्या डोळ्यांत पाहतो आणि बाकीचे पाहावयाचे विसरतो. हा कोण, रागावलेला की हसरा, एवढे कळले की आपले काम संपले. डोळे काढून घेतल्यावर नजर कातडीवर फिरू लागते. ओरखडा कोठून सुरू झाला, माती कोठे आकसली, भाजताना कोठे काळवंडली, हे दिसू लागते, आणि काही वेळाने तेच सुरकुत्यांसारखे, गोंदणासारखे, उन्हातान्हात गेलेल्या वयासारखे वाटू लागते. तो कोणी एक माणूस राहत नाही. जमिनीतून नुकताच वर काढलेला कोणीही असू शकतो. ज्याच्या जन्मगावी जमिनीखाली चार हजार वर्षांपूर्वीचे नगर निघाले त्याला असे सुचणे साहजिक आहे.

खानापूरच्या मामांना मी मोबाईलवर यांतले एक डोके दाखविले. कौतुक करतील किंवा हसतील असे मला वाटले होते. त्यांनी चित्र मोठे करून घेतले आणि गळ्यापाशी बोट ठेवून विचारले, "भिंत किती ठेवलीया?" डोळे नाहीत हे त्यांच्या ध्यानीही आले नसावे. "आम्हीपण करू" म्हणणाऱ्या माझ्या मित्राला मला हेच सांगावयाचे आहे. बाहेरून हे डोके सोपे दिसते, कारण अवघड काम आतल्या बाजूस आहे.

डोके ठेवून शरीर गाळण्याच्या उलट प्रकारही आपल्या मातीत आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्यासोबत मातीची झाकणाची पेटी होती आणि एक बैल होता. मूर्तीला डोके नाही. ते तुटलेले नाही, केलेच नव्हते. तिच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला एकेक भोक आहे, म्हणजे काडी घालून तिला बैलावर बसविता येत असे. करणाऱ्याने बैलाला शिंगे काढली, मूर्तीला स्तन काढले, पण डोके गाळले. त्याला डोके करता येत नव्हते असे कोण म्हणेल? तिला चेहऱ्याने ओळखावयाचे नाही, हे त्याने आधीच ठरविलेले होते. ही मूर्ती कच्च्या मातीची आहे. घराच्या जमिनीखाली पुरलेली होती म्हणून टिकली, उघड्यावर असती तर पहिल्या पावसातच विरघळली असती.

कच्च्या मातीची गोष्ट निघाली म्हणून जोकुमाराबद्दल सांगितले पाहिजे, कारण मराठी विभागाच्या वाचकांना तो कदाचित ठाऊक नसेल. आपल्या जिल्ह्यातल्या कन्नड गावांत भाद्रपदात, गणपती गेल्यावर, जोकुमार येतो. ओल्या मातीचा हा ठेंगू पुरुष. मोठे डोळे, मोठे उघडे तोंड, झुपकेदार मिशा, आणि ज्याचा उल्लेख कॉलेजच्या अंकात जपूनच करावा लागतो तो पुरुषत्वाचा अवयवही ठसठशीत. अंबिग समाजातील स्त्रिया त्याला बुट्टीत बसवून, भोवती कडुलिंबाचा पाला लावून, गाणी म्हणत दारोदार नेतात. घरच्या बायका धान्य घालतात आणि त्याच्या तोंडाला लोणी लावतात. पाऊस आणि पीक त्याच्याकडे मागतात. पौर्णिमेला त्याचा शेवट होतो. आपल्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार यांनी याच दैवतावरून 'जोकुमारस्वामी' हे नाटक लिहिले.

हिम्मत शाह यांच्या डोक्यांशेजारी जोकुमार ठेवून पाहिला की भाजणीने काय फरक पडतो ते लख्ख दिसते. जोकुमार आव्यात जावयाचा नाही, त्यामुळे तो भरीव असला तरी चालतो, त्याला हवे तेवढे डोळे, तोंड, मिशा चिकटविता येतात. आठवडाभर टिकला की पुरे. शाडूच्या गणपतीचेही तेच. म्हणूनच ही कच्च्या मातीची दैवते एवढी भरगच्च, बोलकी आणि अंगापिंडाने सुदृढ असतात. भाजलेल्या माणसाला मात्र टिकावयाचे असते, आणि त्यासाठी त्याला पुष्कळ सोडावे लागते. भोपाळच्या भारत भवनात काम केलेले केरळचे जी. रेघू स्टोनवेअरमध्ये खेड्यातली माणसे करतात. तीही अशीच आटोपशीर, हातपाय जवळ घेतलेली. जोकुमार करणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो आणि हिम्मत शाह यांना कलावंत. मला या दोन शब्दांतले अंतर अलीकडे पटेनासे झाले आहे. निदान दोघांच्या हातातला प्रश्न एकच होता : या मातीत माणसाचे किती ठेवता येईल?

एका गोष्टीबद्दल माझे मन साशंक आहे. शाह यांनी पुढे आपली डोकी ब्राँझमध्येही ओतली, आणि जाणकार त्यांचेही फार कौतुक करतात. ब्राँझचे ओतीव डोकेही आतून पोकळच असते, हे खरे. पण ब्राँझला हात पसरता येतो, धातूत डोळ्याची पापणीही उमटविता येते. तेथे गाळण्याची सक्ती कोणी केलेली नसते. मातीच्या डोक्यात जी अट होती ती ब्राँझमध्ये नुसती आठवण होऊन राहते. ओरखडे तेच, चीर तीच, मात्र ती भाजताना टिकेल की नाही हा धाक नाही. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली तर मी मातीचे निवडीन. किंमत ब्राँझलाच अधिक येणार याची मला कल्पना आहे. मामांना मी ब्राँझचेही चित्र दाखविले होते. त्यांनी एकदा पाहिले, "हे ओतलंय," एवढे म्हणून मोबाईल परत दिला आणि चाकाला काठी लावली.